चार सिलिंडर, चार घसे

आपल्या पिढीनं कार्ब्युरेटर पाहिला तो त्याच्या अगदी उतारवयात. सकाळी चोक ओढून बाबांच्या स्कूटरला किका मारणं, पावसाळ्यात "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय" हे मेकॅनिकचं ठरलेलं निदान आणि मग पितळेचं एक इवलंसं जेट तोंडानं फुंकून साफ करणं. एवढीच आपली ओळख. चारचाकी गाड्यांमधून तो २००० च्या आसपास गेला आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आल्यावर बहुतेक नव्या दुचाकींमधूनही गेला.

आज मात्र त्याच्या ऐन तारुण्याबद्दल लिहायचंय. म्हणजे जुन्या स्पोर्ट्स कारच्या बॉनेटखाली इंजिनाच्या कुशीला आडवे बसवलेले दोन कार्ब्युरेटर, आणि त्यातही सगळ्यात नावाजलेला वेबर डीसीओई. जगभर आजही लोक शनिवार-रविवार खर्च करून तो बसवतात, जुळवतात, पुन्हा खोलतात.

हे नुसतं जुन्याचं वेड असतं तर मी एवढं लांबलचक लिहायला बसलो नसतो. या यंत्राच्या इतिहासात एक प्रश्न दडलाय आणि तो आपल्या धंद्याशी फार जवळचा आहे. यंत्र वापरणाऱ्याला ते उघडून हवं तसं बदलता यावं का? आपण ओपन सोर्सवाले लगेच "अर्थात!" म्हणून मोकळे होतो. डीसीओईची गोष्ट शेवटपर्यंत पाहिली की उत्तर इतकं सरळ राहत नाही.

आधी थोडं बारावीचं फिजिक्स. एखादी नळी मध्येच अरुंद केली की तिथून हवा जोरात जाते आणि तिथला दाब कमी होतो. त्या अरुंद जागी पेट्रोलची बारीक नळी आणून सोडली की बाहेरच्या हवेचा दाब पेट्रोलला वर ढकलतो आणि ते फवाऱ्यासारखं हवेत मिसळतं. कार्ब्युरेटर म्हणजे मुळात एवढंच. अरुंद नळीतल्या या प्रकारावरचं आपलं काम जिओव्हान्नी बत्तिस्ता व्हेंतुरी या इटालियन शास्त्रज्ञानं १७९७ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच्या नावावरूनच आपण व्हेंच्युरी म्हणतो. गंमत म्हणजे हा माणूस मोदेनाला प्राध्यापक होता. मोदेनापासून जेमतेम ४० किलोमीटरवर बोलोन्या आहे आणि वेबरचा कारखाना पुढे तिथेच उभा राहिला. फवाऱ्याचा कार्ब्युरेटर मात्र त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी आला. १८९३ मध्ये जर्मनीत विल्हेल्म मायबाखनं आणि बुडापेस्टमध्ये बांकी-चोंका या जोडीनं तो स्वतंत्रपणे आणला.

अडचण अशी की नुसती नळी आणि भोक यावर इंजिन धड चालत नाही. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. साध्या जेटमधून मात्र हवेचा वेग वाढेल तसं पेट्रोल प्रमाणाबाहेर जास्त येऊ लागतं. मंद गतीला मिश्रण पातळ आणि वेगात घट्ट. शिवाय एकदम रेस दिली की हवा हलकी असल्यानं पटकन पळते, पेट्रोल जड असल्यानं मागे राहतं आणि गाडी क्षणभर गचका खाते. कार्ब्युरेटरचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे या चुका एकेक करून भरून काढण्याचा इतिहास. बग सापडला की पॅच लावायचा. फक्त हे पॅच पितळेचे होते.

आता येतो एदोआर्दो वेबर. जन्म १८८९, तुरिन. आडनाव जर्मन वळणाचं कारण वडील स्विस होते. फियाटमध्ये उमेदवारी करून तो बोलोन्यात आला. पहिलं महायुद्ध संपलं होतं आणि इटलीत पेट्रोल महाग होतं. वेबरनं ट्रक रॉकेलवर चालवता येतील असे किट विकायला सुरुवात केली. १९२३ मध्ये त्यानं स्वतःच्या नावाचा कार्ब्युरेटरचा कारखाना काढला. पेट्रोलचे भाव वाढले की किट विकणारा उद्योजक उगवतो, ही गोष्ट आपल्याकडच्या सीएनजी-एलपीजीवाल्यांना सांगायला नको :)

वेबरचं नाव झालं ते दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरमुळे. पहिल्या प्रकारात एक बॅरल लहान आणि एक मोठं. गावात फिरताना लहान बॅरल काम करणार, पायाखाली जोर दिला की मोठंही उघडणार. काटकसर आणि ताकद दोन्ही एकाच डब्यात. १९३० च्या दशकात त्यानं रेसिंगसाठी दुसरा प्रकार आणला. त्यात दोन्ही बॅरल सारख्या मापाचे आणि बरोबरच उघडणारे. अल्फा रोमिओ आणि मासेराती यांच्या रेसिंग गाड्यांवर वेबरचे कार्ब्युरेटर दिसू लागले. इथून पुढे 'एका सिलिंडरला एक बॅरल' ही कल्पना पक्की होत गेली.

मग दुसरं महायुद्ध. २१ एप्रिल १९४५ ला बोलोन्या मुक्त झालं. त्या वसंत ऋतूत उत्तर इटलीत जुने हिशेब चुकते करणं चालू होतं. फॅसिस्ट राजवटीत कारखाने चालवणारे अनेक जण संशयाच्या घेऱ्यात होते. मे महिन्यात एदोआर्दो वेबर नाहीसा झाला. तो पुन्हा कधीच कुणाला दिसला नाही. पार्टिझन टोळीनं त्याला पळवून मारलं असं सर्वसाधारणपणे मानलं जातं, पण त्याचा देह मिळाला नाही. वय ५५. १९५२ मध्ये कंपनी फियाटच्या ताब्यात गेली. ज्या कार्ब्युरेटरमुळे आज जगाला वेबर हे नाव माहीत आहे, तो डीसीओई खरा गाजला त्याच्यानंतर. ज्याच्या नावाची अक्षरं हजारो इंजिनांवर ओतलेली आहेत त्याची कबर कुठे आहे ते मात्र कुणाला सांगता येत नाही.

डीसीओई यातली पहिली तीन अक्षरं म्हणजे 'दोप्पिओ कोर्पो ओरिझ्झोंताले'. सरळ मराठीत जोडनळीचा आडवा. नावामागचा आकडा म्हणजे बॅरलचं माप मिलिमीटरमध्ये, ४० डीसीओई, ४५ डीसीओई असं. आडवा का? एक तर बॉनेट बुटकं ठेवता येतं. दुसरं, हवेला सरळ वाट मिळते. वरून खाली येऊन मग काटकोनात वळायचं आणि पुढे चार फाट्यांत विभागायचं, ही कसरत वाचते. आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी आठवा. १०८९ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, पण कार्ब्युरेटर एकच. चौघांनी एका नळावर रांग लावावी तसं. चाळीत हे चालतं, कारण कुणाला रेस जिंकायची नसते. (मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर २०२३. तोवर तो एक नळ पुरला की!) जुळ्या वेबरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा घसा. कुणी कुणाच्या तोंडचा घास पळवत नाही.

१९६० चं दशक हा डीसीओईचा सुवर्णकाळ. १९६२ मध्ये ब्रिटनच्या लोटसनं एलान ही छोटी स्पोर्ट्स कार आणली. फोर्डच्या साध्या ब्लॉकवर हॅरी मंडी यानं आखलेला ट्विन कॅम हेड आणि बाजूला दोन ४० डीसीओई. थोड्याच काळात क्षमता १५५८ सीसी झाली आणि ताकद १०५ अश्वशक्ती. हे श्रेय एकट्या कार्ब्युरेटरचं नव्हे, हेड आणि कॅमशाफ्टचंही आहे. पण त्या हेडला लागेल तेवढी हवा विनातक्रार द्यायचं काम वेबरचं. हेच इंजिन घातलेली फोर्डची लोटस कॉर्टिना घेऊन जिम क्लार्कनं १९६४ ची ब्रिटिश सलून कार स्पर्धामालिका जिंकली. १९६५ मध्ये अल्फा रोमिओनं ज्युलिया जीटीए काढली. अॅल्युमिनियमचे पत्रे, वजन साडेसातशे किलोच्या आसपास, १५७० सीसी आणि दोन ४५ डीसीओई. तिकडे जपानमध्ये प्रिन्स कंपनीनं स्कायलाइनमध्ये सहा सिलिंडरचं इंजिन बसवून त्यावर तीन वेबर चढवले. १९६४ च्या जपानी ग्रां प्रीमध्ये सुझुकाच्या ट्रॅकवर या घरगुती चेहऱ्याच्या गाडीनं एका फेरीपुरतं का होईना, पोर्शे ९०४ ला मागे टाकलं. जपानी लोक ती एक फेरी अजून विसरलेले नाहीत.

हे सगळं वाचून कुणालाही वाटेल की दोन वेबर आणावेत, नटबोल्ट आवळावेत आणि निघावं. तसं होत नाही, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते.

पहिली गोष्ट बसवण्याची. वेबर इंजिनाला घट्ट आवळायचा नसतो. चार सिलिंडरचं इंजिन ठरावीक गतीला थरथरतं. कार्ब्युरेटर त्याला घट्ट बांधला तर फ्लोट चेंबरमधल्या पेट्रोलला फेस येतो. फेसात हवा जास्त, पेट्रोल कमी, म्हणून मिश्रण पातळ होतं आणि इंजिन मिसिंग करतं. जेट बदलून हा दोष कधीच जात नाही, कारण दोष जेटमध्ये नसतोच. म्हणून मॅनिफोल्ड आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये रबरी रिंग घालायची आणि नटाखाली स्प्रिंगसारखे दुहेरी वॉशर. आवळायचं इतकंच की वॉशरच्या वेटोळ्यात थोडी फट राहावी आणि कार्ब्युरेटर हातानं हलवला तर किंचित डुलावा. या रबरी रिंगा वर्षानुवर्षांनी तडकतात. मग हवा चोरवाटेनं आत शिरते किंवा पेट्रोल बाहेर ठिबकतं. लोटसच्या ट्विन कॅम इंजिनात ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर नेमका कार्ब्युरेटरच्या खाली आहे. वर पेट्रोल, खाली ठिणगी. त्या गाड्यांचे मालक सोबत अग्निशामक बाटली का ठेवतात हे वेगळं सांगायला नको.

पेट्रोलचा दाबही बेताचा लागतो. साधारण अडीच ते साडेतीन पीएसआय. जास्त दिला तर फ्लोटची सुई दबते आणि चेंबर वाहून जातो. मग फ्लोटची उंची, तीही मिलिमीटरच्या अपूर्णांकात. ती चुकली तर पुढचे सगळे आकडे चुकीच्या पायावर उभे राहतात.

आणि कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी टॅपेट, पॉइंटची फट, टायमिंग आणि प्लग बघून घ्यायचे. जुने ट्युनर सांगतात की कार्ब्युरेटरचा म्हणून आलेला बिघाड बऱ्याचदा इग्निशनचाच निघतो. (नेटवर्कवाल्यांवर आधी आळ येतो आणि शेवटी बग आपल्या कोडमध्ये सापडतो, तसं काहीसं.)

दुसरी गोष्ट जुळवणीची. दोन्ही कार्ब्युरेटर जोडणारा दांडा आधी सोडवायचा. मग इंजिन गरम करून आयडलवर प्रत्येक घशातून किती हवा जाते ते मोजायचं. यासाठी हवेचा प्रवाह ताशी किलोमध्ये दाखवणारं छोटं मीटर मिळतं. ते नसेल तर रबरी नळीचं एक टोक घशाच्या तोंडाशी आणि दुसरं कानाशी. चारही घशांचा 'सूऽऽ' सारखा ऐकू येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळवताना जसा दोन आवाजांमधला फरक ऐकत ऐकत शून्यावर आणतात, तोच प्रकार. दोन्ही कार्ब्युरेटर सारखे झाल्यावरच मधला दांडा पुन्हा जोडायचा, आणि तोही असा की जोडताना दोघांपैकी कुणी हलता कामा नये.

यानंतर मिश्रणाचे चार स्क्रू, प्रत्येक घशाला एक. हळूहळू आत फिरवायचा. इंजिन अडखळू लागलं की परत बाहेर. सगळ्यात गुळगुळीत आणि जलद जिथे चालेल तिथे थांबायचं. मग पुढचा घसा. चौथा झाला की पुन्हा पहिल्यापासून, कारण एक बदलला की आयडलची गती बदलते आणि बाकीच्यांचं गणित थोडं सरकतं.

तिसरी गोष्ट जेटांची. प्रत्येक घशात सात बदलता येणारे भाग असतात. मुख्य चोक (आपल्या स्कूटरचा ओढायचा चोक नव्हे, हा म्हणजे व्हेंच्युरीचा अरुंद गळा), त्यातली छोटी व्हेंच्युरी, मेन जेट, इमल्शन ट्यूब, एअर करेक्टर, आयडल जेट आणि पंप जेट. सात गुणिले चार, म्हणजे २८ तुकडे. बहुतेकांवर आकडा कोरलेला असतो आणि तो सरळ मापच सांगतो. मेन जेटवर १२० लिहिलं असेल तर भोक १.२० मिलिमीटर. ट्युनर लोकांचा एक अंदाज असा की चोकच्या मापाला चारनं गुणलं की मेन जेट आणि त्यात पन्नास मिळवले की एअर करेक्टर. म्हणजे ३० चा चोक, १२० चं मेन जेट आणि १७० चा करेक्टर. अर्थात हा फक्त सुरुवातीचा आकडा.

याला अपवाद इमल्शन ट्यूब. पेट्रोल घशात पोचण्याआधीच त्यात हवेचे बुडबुडे मिसळायचे, म्हणजे वेगात ते प्रमाणाबाहेर येत नाही. मघाशी म्हटलेल्या पहिल्या बगचा पॅच तो हाच. ट्यूबवर कुठे आणि किती भोकं आहेत त्यावरून कुठल्या गतीला किती हवा मिसळेल ते ठरतं. या ट्यूबना एफ२, एफ९, एफ११, एफ१६ अशी नावं आहेत आणि त्या आकड्यांच्या क्रमाला ट्युनिंगच्या दृष्टीनं काहीही अर्थ नाही. एफ९ ही एफ११ पेक्षा घट्ट की पातळ, हे आकड्यावरून मुळीच कळत नाही. बाकी सगळीकडे इतकी स्वच्छ पद्धत आणि नेमकी इथे ही बजबजपुरी! कुठल्याही जुन्या सिस्टिममध्ये असं एक मॉड्यूल असतंच, ज्याच्या नावांचा अर्थ कंपनी सोडून गेलेल्यांनाच ठाऊक असतो.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आयडल जेटची. नावावरून वाटतं की गाडी उभी असतानाच ते काम करतं. प्रत्यक्षात थ्रॉटल थोडा उघडला की त्याच्या कडेशी असलेली बारीक भोकं एकामागून एक उघडी पडतात आणि त्यांना पेट्रोल मिळतं ते याच आयडल जेटमधून. साधारण अडीच-तीन हजार आरपीएमपर्यंत, हलक्या पायानं चालवताना, बहुतेक काम तेच करतं. म्हणजे रस्त्यावरची रोजची गाडी बहुतांश वेळ चालते ती सगळ्यात छोट्या जेटवर. नवखा माणूस मात्र पैसे आणि वेळ घालवतो मेन जेटवर, कारण त्याचं नाव 'मेन'.

आणि हे सगळं बदलायला कार्ब्युरेटर काढावा लागत नाही. डीसीओईच्या डोक्यावर एक गोल झाकण आहे. विंग नट बोटांनी फिरवला की झाकण उघडतं आणि खाली मेन आणि आयडल जेट समोर दिसतात. चोक पुढच्या तोंडातून सरकवून काढता येतो. पाना न घेता उघडणारं झाकण ही साधी सोय नाही. बनवणारा वापरणाऱ्याला सांगतोय की तुझं इंजिन मला माहीत नाही, तुला माहीत आहे, तेव्हा आकडे तूच ठरव. म्हणूनच एकच कार्ब्युरेटर लोटसलाही चालला, अल्फालाही आणि प्रिन्सलाही. म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला.

आता दुसरी बाजू.

ट्युनर काय करतो ते आपल्या भाषेत सांगायचं तर तो फीडबॅक लूप आहे. कार्ब्युरेटरला स्वतःला काही कळत नाही. मिश्रण बरोबर आहे की चूक हे त्याला कोण सांगणार? माणूस. कानानं, नाकानं, आणि गाडी पळवून आणल्यावर प्लग काढून त्याचा रंग बघून. फिकट तपकिरी असेल तर ठीक, काळा काजळलेला असेल तर घट्ट, पांढरा पडला असेल तर पातळ. मग जेट बदलायचं आणि पुन्हा चक्कर. लूप पूर्ण व्हायला एक आख्खी दुपार लागते, पण लूप आहे.

प्रश्न असा की हा लूप कशासाठी जुळवतोय? माणसाच्या कानाला गुळगुळीतपणा कळतो, पाठीला पिकअप कळतो. सगळ्यात जास्त ताकद मिळते ती साडेबारा-तेराला एक या प्रमाणाला, म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त घालून. तेव्हा कानावर भरवसा ठेवणारा ट्युनर आपसूक घट्ट बाजूला झुकतो. उरलेलं अर्धवट जळालेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड मागच्या नळीतून बाहेर जातं. त्याचा आवाज येत नाही. ट्युनरच्या लूपमध्ये रस्त्याकडेला उभ्या माणसाच्या फुफ्फुसाचा सेन्सरच नव्हता.

तो सेन्सर आला वेगळ्याच ठिकाणाहून. लॉस एंजेलिसला १९४० च्या दशकात दाट, डोळे चुरचुरणारं धुकं पडू लागलं. कॅल्टेकमध्ये आरी हागेन-स्मित नावाचा डच वंशाचा रसायनशास्त्रज्ञ अननसाच्या स्वादावर काम करत होता. हवेतले सूक्ष्म वास पकडण्याचं तेच कसब त्यानं धुक्याकडे वळवलं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं दाखवून दिलं की गाड्यांमधून आणि तेलशुद्धीकरणातून येणारे हायड्रोकार्बन, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि कॅलिफोर्नियाचं ऊन यांच्यापासून हे धुकं तयार होतं. पुढे कॅलिफोर्नियानं नियम केले आणि १९७० मध्ये अमेरिकेचा स्वच्छ हवेचा कडक कायदा आला.

याचा परिणाम थेट धातूत दिसतो. लोटसच्या ट्विन कॅम हेडमध्ये वेबरसाठीच्या नळ्या हेडबरोबरच ओतलेल्या होत्या. ६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेसाठी स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर लावायची वेळ आली, तेव्हा हेडचं ओतकामच बदलावं लागलं. अल्फानं १९६९ पासून अमेरिकेतल्या गाड्यांना स्पिका कंपनीचं मेकॅनिकल फ्युएल इंजेक्शन दिलं आणि युरोपात कार्ब्युरेटर चालू ठेवले. एकाच गाडीला दोन देशांत दोन वेगवेगळे श्वास. १९७६ मध्ये बॉशचा लॅम्ब्डा सेन्सर व्होल्वोच्या गाडीत आला. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून तो इंजेक्शनला सतत सांगत राहतो, घट्ट झालं, पातळ झालं. ट्युनरची दुपार सेकंदाच्या अंशात आली. आणि तिहेरी काम करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायला १४.७ च्या अगदी जवळच राहावं लागतं. हे काम कुठल्याही कानाच्या आवाक्यातलं नाही.

मग झाकण बंद झालं. अक्षरशः. पितळेच्या २८ तुकड्यांच्या जागी सीलबंद डबा आला आणि त्यातले आकडे मालकाला दिसेनासे झाले. १९९२ मध्ये वेबरचं इटलीतलं कार्ब्युरेटर उत्पादन थांबून स्पेनला गेलं.

माझं मत विचाराल तर विंग नटचं ते झाकण ही इंजिनिअरिंगमधली फार सभ्य गोष्ट होती आणि ते बंद करणंही योग्य होतं. दोन्ही एकदम खरं असू शकतं. मी माझ्या लॅपटॉपवर काय वाटेल ते चालवीन, त्याचा धूर शेजाऱ्याच्या घरात जात नाही. गाडीचं तसं नाही. इंजिन माझं, जेट माझं, पण त्यातून जाणारी हवा सगळ्यांची. बदलण्याचा हक्क जिथे माझ्या कुंपणाबाहेर परिणाम करतो तिथे निदान मोजमाप तरी सगळ्यांचं हवं. नोव्हेंबरात पुण्या-मुंबईच्या सिग्नलला उभं राहिलं की हा मुद्दा आपोआप पटतो. पण याचा अर्थ डबा कायम सीलबंदच हवा असाही नाही. मोजमाप बाहेरून करता येतं, पीयूसीची नळी मागेच लावतात. आकडे बघू न देणं आणि हवा स्वच्छ ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कंपन्या त्यांची सोयीस्कर गल्लत करतात.

शेवटी दोन गमती. पहिली. आज वेबर जुळवणारे बरेच लोक एक्झॉस्टमध्ये वाइडबँड लॅम्ब्डा सेन्सर लावतात, आकडे लॅपटॉपवर उतरवतात आणि त्यावरून जेट निवडतात. ज्यानं कार्ब्युरेटरला घरी बसवलं तोच आता त्याचा डॉक्टर झालाय. आणि त्याची गरजही पडणार आहे, कारण पेट्रोल बदलतंय. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साधं पेट्रोल म्हणजे १० टक्के इथेनॉल, आपल्याकडे २०२५ मध्ये २० टक्के. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं. इंजेक्शनची गाडी हे बऱ्याच अंशी स्वतः सांभाळून घेते. कार्ब्युरेटरला पत्ताच नसतो, त्याला कुणीतरी थोडं मोठं जेट घालून सांगावं लागतं.

दुसरी. जुन्या इंजिनांना इंजेक्शन बसवायचं असेल तर आज असे थ्रॉटल बॉडी मिळतात ज्यांचे बोल्ट नेमके डीसीओईच्या भोकांवर बसतात. आतलं सगळं बदललं. फ्लोट गेला, जेट गेले, इमल्शन ट्यूबची ती विचित्र नावं गेली. राहिलं काय, तर बसवण्याच्या भोकांची जागा. इम्प्लिमेंटेशन गेलं, इंटरफेस उरला. ज्या माणसाची कबर सापडत नाही त्याच्या कारखान्याचं हे माप मात्र जगभरचे लोक अजूनही पाळतात.

असो. बरंच तांत्रिक झालं. तुमच्या ओळखीत कुणाकडे जुनी गाडी असेल तर एक दिवस त्यांना विचारून बघा, "काका, आयडल जेट कितीचं आहे?" पुढचे दोन तास तुमचे नाहीत, एवढं नक्की :)